चुंबकासमोर रोध बदलणारं रबर: नमुना ओतण्यापासून आलेख काढण्यापर्यंत

सिलिकॉन रबरात लोखंडाची बारीक पूड आणि ग्रॅफाइट मिसळून चौकोनी तुकडा ओतला, त्याला दोन्ही बाजूंनी जाळी लावून तारा काढल्या आणि तो चुंबकीय क्षेत्रात धरला, की त्याचा विद्युत रोध बदलतो. एम.एस्सी.च्या किंवा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला हा विषय सोयीचा आहे. साहित्य मिळतं, यंत्रसामग्री फारशी लागत नाही आणि परिणाम डोळ्यांसमोर दिसतो. अडचण इतकीच, की मीटरवर दिसणारा बदल दरवेळी चुंबकाचाच असतो असं नाही. तो क्लिपचा, उष्णतेचा किंवा दमट हवेचाही असू शकतो. म्हणून इथे बनवण्याइतकीच जागा मोजण्याला दिली आहे.

आत काय घडतं

धातूचा रोध चुंबकीय क्षेत्रात बदलतो हे विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी १८५६ सालीच लोखंड आणि निकेलवर दाखवलं होतं. तो बदल धातूच्या आतल्या इलेक्ट्रॉनांच्या वाटचालीतला आणि अगदी थोडा. आपल्या रबरात घडतं ते वेगळंच. इथे कण प्रत्यक्ष हलतात.

सिलिकॉन स्वतः विद्युतरोधक. लोखंडाच्या प्रत्येक कणाभोवती त्याचा पातळ थर बसतो, त्यामुळे नुसती लोहपूड घातलेल्या रबराचा रोध साध्या मल्टिमीटरच्या आवाक्याबाहेर जातो. वीज वाहून नेण्याचं काम ग्रॅफाइटच्या चपट्या पापुद्र्यांचं. ते एकमेकांना टेकलेले असतात किंवा त्यांच्यात काही नॅनोमीटरची फट असते. अशा फटीतून इलेक्ट्रॉन पलीकडे जातात आणि फटीत एका नॅनोमीटरहूनही कमी फरक पडला तरी प्रवाह कित्येक पटींनी बदलू शकतो. क्षेत्र लावलं की लोहकण चुंबकित होऊन एकमेकांना ओढतात, मऊ रबर थोडं दबतं, मधल्या ग्रॅफाइटच्या फटी कमी होतात आणि रोध उतरतो. क्षेत्र काढलं की रबराचा ताण कणांना परत जागेवर आणतो.

थोडक्यात, विद्युत मोजणीतून तुम्ही रबराची हालचाल मोजत असता. रबर किती मऊ, नमुना कुठे आवळला आहे, क्षेत्र लावून किती वेळ झाला, याआधी त्याला कितीदा दाबलं आहे, या सगळ्यांवर उत्तर अवलंबून राहतं. खालच्या बहुतेक सूचनांचं मूळ इथेच आहे.

साहित्य निवडताना

लोखंड म्हणजे कार्बोनिल आयर्न पूड, कणाचा व्यास ३ ते ५ मायक्रॉन. लेथखालचा कीस चाळून वापरण्याचा मोह टाळा. त्याचे कण शंभर मायक्रॉनच्या घरातले, तेलकट आणि कंगोरेदार असतात, शिवाय ते झपाट्याने तळाशी बसतात. मॅग्नेटाइटची काळी पूड स्वस्त पडते, पण तिचं संपृक्त चुंबकन (क्षेत्र कितीही वाढवलं तरी ज्याच्या पुढे चुंबकन जात नाही ती मर्यादा) सुमारे ०.६ टेस्ला आणि लोखंडाचं २.१. कणांमधली ओढ चुंबकनाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे जोराच्या क्षेत्रात मॅग्नेटाइटला लोखंडाच्या साधारण बाराव्या हिश्शाएवढीच ओढ मिळते.

सिलिकॉन प्लॅटिनम उत्प्रेरकाचं घ्या, दोन भाग सारख्या वजनाने मिसळण्याचं, कडकपणा शोअर ००-३० (शोअर हे रबराच्या कडकपणाचं माप; ‘००’ ही अगदी मऊ रबराची पट्टी, ‘ए’ ही त्याहून कडक रबराची). मूर्तींचे आणि रेझिनचे साचे काढायला जे टिन उत्प्रेरकाचं सिलिकॉन सर्रास विकतात तेही चालतं, पण ते कडक असतं आणि सेट होताना आकसतं. मायक्रोफ्लुइडिक्सच्या प्रयोगशाळेत असतं ते पीडीएमएस नावाचं पारदर्शक सिलिकॉन त्याहून कडक, शोअर ए-४० च्या पुढे. त्यात कण हलतच नाहीत म्हटलं तरी चालेल. कडक सिलिकॉनच हाताशी असेल तर त्याच्या वजनाच्या १० ते २० टक्के सिलिकॉन तेल घालून ते मऊ करता येतं. मात्र तेल पुढे महिनोन्‌महिने झिरपत राहतं आणि मूळ रोधही त्याबरोबर सरकत जातो.

ग्रॅफाइट १० ते २० मायक्रॉनच्या पापुद्र्यांचं घ्या. दोन वेगवेगळ्या पिशव्यांमधलं ग्रॅफाइट एकाच मालिकेत वापरू नका. पापुद्र्यांचा आकार बदलला की वाहकतेचा उंबरठा, म्हणजे ग्रॅफाइटच्या ज्या प्रमाणाला रबरातून वीज वाहू लागते ते प्रमाण, बदलतो.

बाकी यादी: ६० ते ८० नंबरची पितळी जाळी, पातळ तांब्याची तार, ॲक्रिलिकची ५ मिमी पट्टी, सोनाराकडे असतो तसा ०.०१ ग्रॅमचा काटा, एसीच्या मेकॅनिककडचा व्हॅक्युम पंप आणि जाड झाकणाचं भांडं, नायट्राइलचे हातमोजे, एन-९५ मास्क.

हातमोजे नायट्राइलचेच हवेत. लेटेक्समधलं गंधक प्लॅटिनमला निकामी करतं आणि ज्या ज्या जागी बोट लागलं तिथे रबर दुसऱ्या दिवशीही चिकट राहतं. टिन सिलिकॉनच्या जुन्या साच्यात प्लॅटिनम सिलिकॉन ओतलं तरी हेच होतं. लोहपूड हवेत उडू देऊ नका. ती फुफ्फुसात जाते, शिवाय इतकी बारीक पूड पेटू शकते. सांडलेली पूड ओल्या फडक्याने पुसा, व्हॅक्युम क्लिनर लावू नका. चुंबक आधीच प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवा. उघड्या चुंबकाला चिकटलेली ही पूड पुन्हा पूर्ण निघत नाही.

वजनं

मिश्रणाचं प्रमाण आकारमानात ठरवा आणि तोलताना वजनात बदला. उलट केलंत तर नमुन्यांची तुलनाच होणार नाही, कारण लोखंडाची घनता ७.८६, ग्रॅफाइटची २.२ आणि या सिलिकॉनची १.०७ आहे.

एका वेळी २० मिली मिश्रण करा. २० × २० × ३ मिमीच्या एका नमुन्याला जेमतेम १.२ मिली लागतं हे खरं, पण त्याहून कमी घाण्यात तोलण्यातली चूक आणि भांड्याला चिकटून राहिलेला माल मिळून प्रमाण बिघडवतात. लोखंड सगळ्या घाण्यांत आकारमानाने २० टक्के, म्हणजे ३१.४ ग्रॅम. ग्रॅफाइट बदलत न्या:

६ टक्के: ग्रॅफाइट २.६ ग्रॅम, सिलिकॉन १५.८ ग्रॅम
८ टक्के: ३.५ आणि १५.४
१० टक्के: ४.४ आणि १५.०
१२ टक्के: ५.३ आणि १४.६
१४ टक्के: ६.२ आणि १४.१

पाच घाणे करण्याचं कारण असं, की वाहकतेचा उंबरठा नेमका कुठे येईल हे तुमच्या ग्रॅफाइटच्या आकारावर आणि ढवळण्यावर ठरतं. पुस्तकातला आकडा इथे कामाचा नाही. उंबरठ्याच्या खूप खाली रोध मोजता येत नाही. खूप वर गेलात तर पापुद्रे आधीच पक्के टेकलेले असतात आणि क्षेत्र लावून फारसं काही बदलत नाही. ज्या घाण्याचा क्षेत्राशिवायचा रोध १०० किलोओहम ते २० मेगाओहम यांच्यामध्ये पडेल, तो पुढे न्या.

याशिवाय दोन नमुने हवेतच. ते नसतील तर बाकीच्या आकड्यांवर विश्वास ठेवायला काही आधार उरत नाही. पहिल्यात लोखंडाच्या जागी तेवढ्याच आकारमानाची कॅल्शियम कार्बोनेटची पूड घाला, २० मिलीला १०.८ ग्रॅम. दुसऱ्यात लोखंड आणि ग्रॅफाइट तसंच ठेवून सिलिकॉनऐवजी कडक इपॉक्सी वापरा. पहिल्यात ओढणारं काही नाही, दुसऱ्यात हलायला जागा नाही. दोन्हींचा रोध क्षेत्रात जवळजवळ जागचा हलता कामा नये. हलला, तर तुमची मांडणी काहीतरी वेगळंच मोजते आहे.

मिसळणं आणि ओतणं

लोहपूड आणि ग्रॅफाइट १०० अंशांना दोन तास वाळवून झाकून गार करा. आधी सिलिकॉनच्या ‘अ’ भागात ग्रॅफाइट मिसळा, गुठळ्या मोडल्या की लोखंड घाला, शेवटी ‘ब’ भाग. पसरट काठीने भांड्याचा तळ आणि कड खरवडत, प्रत्येक घाण्याला मोजून पाच मिनिटं ढवळा. वेळ सारखी ठेवणं इथे फार महत्त्वाचं. कमी ढवळलं तर ग्रॅफाइटचे पुंजके राहतात आणि एकाच घाण्यातल्या दोन तुकड्यांचे रोध दहा पटींनी वेगळे येतात. यंत्राने जोरात घुसळलं तर पापुद्रे तुटून रोध वर जातो. मिश्रण इडलीच्या पिठाइतकं दाट झालं पाहिजे.

नंतर व्हॅक्युम. मिश्रण फसफसून दोन-तीन पट वर येतं, म्हणून भांडं चौपट मोठं घ्या. फेस खाली बसल्यावर आणखी दोन मिनिटं थांबा. ‘ब’ भाग घातल्यापासून साधारण ४५ मिनिटांत सगळं साच्यात गेलं पाहिजे. नागपूरच्या मे महिन्यात ही मुदत निम्म्यावर येते. तिथे हे काम सकाळी लवकर उरका.

साच्याच्या तळाशी पितळी जाळीचा तुकडा, त्यावर मिश्रण, वर दुसरी जाळी आणि मग झाकण. तारा जाळीला आधीच डाखून ठेवा. जाळीऐवजी तांब्याचा पत्रा किंवा टेप लावला तर सिलिकॉन त्याला धरत नाही. नमुना जरा वाकला की पत्रा सुटतो आणि मीटरवर दिसणारी उडी नमुन्याची नसून त्या सुटलेल्या जागेची असते. जाळीच्या छिद्रांत रबर शिरून घट्ट बसतं. स्टेनलेसची जाळी मात्र नको. ३०४ प्रतीचं स्टील मुळात अचुंबकीय असलं तरी तार ओढताना त्यात थोडं चुंबकत्व येतं आणि मग क्षेत्र जाळीलाच ओढायला लागतं.

क्षेत्रात सेट करणं

एकाच घाण्यातून दोन प्रकारचे नमुने काढा: एक चुंबकांपासून दूर सेट केलेला, दुसरा चुंबकांच्या मध्ये. दुसऱ्यात लोहकण क्षेत्राच्या दिशेने साखळ्या करतात आणि त्यांच्यामध्ये सापडलेलं ग्रॅफाइटही त्या रेषेत येतं. साखळीच्या दिशेने रोध कमी आणि आडव्या दिशेने जास्त, असा फरक या नमुन्यात क्षेत्र काढल्यावरही राहतो.

चुंबक ५० × ५० × २५ मिमीचे, एन-४२ प्रतीचे निओडिमियम, दोन. विरुद्ध ध्रुव समोरासमोर ठेवा. एकच चुंबक साच्याखाली ठेवून भागत नाही. क्षेत्र वर जाता जाता कमी होतं आणि सगळी पूड तळाकडे खेचली जाते. दोन चुंबकांच्या बरोबर मध्यभागी मिळणारं क्षेत्र हिशेबाने असं येतं: पृष्ठभागांत १०० मिमी अंतर असताना ०.०८ टेस्ला, ६० मिमीला ०.२१, ४० मिमीला ०.३५, २० मिमीला ०.५७. सेट करायला ६० मिमीचं अंतर पुरतं. मायक्रॉनच्या आकाराचे लोहकण एवढ्या क्षेत्रात, सिलिकॉन पातळ असताना, बघता बघता रांगेत लागतात. झाकण घट्ट लावलेलं असू द्या. उघड्या साच्यात पृष्ठभागावर काटे उभे राहतात आणि ते तसेच गोठतात.

या चुंबकांशी खेळ नको. २० मिमीवर त्यांच्यातली ओढ पंचवीस-तीस किलो वजनाएवढी होते आणि मध्ये बोट सापडलं तर हाड मोडू शकतं. २५ मिमी जाड लाकडाच्या दोन फळ्यांत ते पक्के बसवा, फळ्या चार पितळी आट्यांच्या दांड्यांवर चढवा आणि अंतर नटनेच बदला. पेसमेकर असलेल्या माणसाला त्या खोलीत येऊ देऊ नका.

दुसरी मर्यादा तापमानाची. साधे निओडिमियम चुंबक ८० अंशांच्या वर कायमचे दुबळे होतात. सिलिकॉन १०० अंशांना पटकन सेट होतं म्हणून अख्खी चौकट ओव्हनमध्ये टाकली, तर रबर छान होईल आणि चुंबक जातील. खोलीच्या तापमानाला चार तास ठेवा, किंवा घाई असेल तर ५० अंशांपर्यंतच जा. चुंबक काढल्यावर मग नुसता नमुना ८० अंशांना दोन तास ठेवा.

क्षेत्राबाहेर सेट होणाऱ्या नमुन्यात लोखंड खाली बसण्याची भीती असते. ५ मायक्रॉनचा कण एवढ्या दाट द्रवात तासाला साधारण ०.१ मिमी उतरतो, १० मायक्रॉनचा त्याच्या चौपट. ३ मिमीच्या नमुन्यात हे दुर्लक्ष करण्यासारखं नाही. पहिला तास दर दहा मिनिटांनी साचा उलटा करत राहा.

मोजणीची मांडणी

मल्टिमीटर ओहमवर लावून आकडे लिहून घेऊ नका. मीटर आपली रेंज स्वतः बदलतो, त्याबरोबर नमुन्यावरचा व्होल्टेज बदलतो, आणि या रबराचा रोध व्होल्टेजवर अवलंबून असल्यामुळे मधेच उडी दिसते. त्याऐवजी ९ व्होल्टचा स्थिर पुरवठा, त्याच्याशी एकसरीत नमुना आणि १ मेगाओहमचा मेटल फिल्म रोधक. रोधकावरचा व्होल्टेज मोजा. मीटरचा स्वतःचा रोध १० मेगाओहम धरला तर तो रोधकाशी समांतर येऊन परिणामी रोध ०.९०९ मेगाओहम होतो. म्हणून

नमुन्याचा रोध = ०.९०९ × (पुरवठा ÷ मोजलेला व्होल्टेज − १) मेगाओहम.

पुरवठा ९.० आणि वाचन २.० असेल तर रोध ३.१८ मेगाओहम. मीटरचा रोध विसरलात तर ३.५ येईल. सापेक्ष बदल काढताना ही चूक वर-खाली दोन्हीकडे येऊन निघून जाते, पण मूळ रोधाचा आकडा अहवालात चुकीचा राहतो. ३, ६ आणि ९ व्होल्टला रोध काढून पाहा. दहा टक्क्यांहून जास्त फरक दिसला तर कमी व्होल्टेजवर काम करा आणि तो व्होल्टेज प्रत्येक आकड्याशेजारी लिहा.

मेगाओहमच्या मोजणीत ५० हर्ट्झची घरघर सहज शिरते. आच्छादित केबल वापरा. मायक्रोकंट्रोलरने वाचत असाल तर २० मिलिसेकंदांच्या पूर्ण पटीत सरासरी घ्या. मीटरच्या जागी मायक्रोकंट्रोलर आला की वरचं ०.९०९ लागू राहत नाही, हेही लक्षात असू द्या.

क्षेत्र मोजायला गॉसमीटर उत्तम. हॉल परिणामाच्या प्रयोगासाठी बहुतेक कॉलेजांत विद्युतचुंबक, स्थिर प्रवाहाचा पुरवठा आणि गॉसमीटर असा संच असतोच. तो मिळाला तर कायमच्या चुंबकांची चौकट फक्त सेट करण्यापुरती वापरा आणि मोजणी विद्युतचुंबकात करा. गॉसमीटरऐवजी बाजारात मिळणारा ४९-ई हा हॉल सेन्सर लावणार असाल तर सावध. तो ०.१ टेस्लाच्या आसपास संपृक्त होतो. पुढे क्षेत्र कितीही वाढवलं तरी त्याचा आकडा तिथेच राहतो आणि नमुन्याचा रोध ‘स्थिर क्षेत्रात’ बदलतोय असा चमत्कार दिसतो.

आता सगळ्यांत जास्त फसवणारी गोष्ट: मगरक्लिप. त्या जवळजवळ नेहमी निकेल चढवलेल्या लोखंडाच्या असतात. क्षेत्र लावलं की क्लिप ध्रुवाकडे ओढली जाते, तार ताणली जाते, नमुना दबतो किंवा वाकतो आणि रोध व्यवस्थित, पुन्हा पुन्हा, अगदी सुबक आलेखात बदलतो. तो आलेख क्लिपचा असतो. नमुन्याच्या तारा बारीक आणि सैल ठेवा, त्या निदान २० सेंमी लांब नेऊन क्षेत्राबाहेरच जोडा. स्क्रू, स्प्रिंग, टर्मिनल पट्टी, जे काही जवळ असेल त्याला आधी एक छोटा चुंबक लावून पाहा.

नमुना चुंबकांच्या बरोबर मध्यभागी असला की दोन्हीकडची ओढ सारखी असते. १-२ मिमी इकडेतिकडे झाला की तो जवळच्या ध्रुवाकडे सरकतो. ॲक्रिलिकमध्ये नमुन्यापेक्षा सगळीकडून अर्धा मिमी मोठा खण कोरून तो त्यात मोकळा ठेवा. दोन पट्ट्यांमध्ये आवळू नका. आवळलेल्या रबराला आकार बदलता येत नाही आणि परिणाम निम्माही दिसत नाही. उलट, मोकळा नमुना क्षेत्राच्या दिशेने किंचित लांबतो. ताठ साखळ्यांच्या काही नमुन्यांत हा लांबण्याचा परिणाम वरचढ ठरून रोध उतरण्याऐवजी चढतोही. असं दिसलं तर घाबरून घाणा फेकू नका, आधी जाडीतला बदल पाहा.

वाचनं घेण्याचा क्रम

तारा जोडून दहा मिनिटं थांबा. चुंबक अर्धा मीटर दूर असताना (तिथे एका चुंबकाचं क्षेत्र सुमारे ०.१ मिलिटेस्ला, म्हणजे शून्य धरण्याजोगं) मूळ रोध नोंदवा. विद्युतचुंबकात ०.०५ टेस्लाच्या पायऱ्यांनी ०.६ पर्यंत चढा, प्रत्येक पायरीवर १०, ३० आणि ६० व्या सेकंदाला वाचन घ्या आणि त्याच पायऱ्यांनी उतरा. कायमच्या चुंबकांच्या चौकटीत वरची चार अंतरंच पायऱ्या म्हणून वापरा. एक चक्र झाल्यावर दहा मिनिटं विश्रांती, मग दुसरं, मग तिसरं. पहिलं चक्र आलेखात घेऊ नका, मात्र वहीत असू द्या. रबर पहिल्यांदा दबताना काही जोड कायमचे हलतात, त्यामुळे ते नंतरच्या चक्रांशी कधीच जुळत नाही.

रोधातला बदल भागिले मूळ रोध, हा आकडा क्षेत्राच्या वर्गासमोर मांडा. सुरुवातीला, साधारण ०.२ टेस्लापर्यंत, रेषा सरळ यायला हवी, कारण कणांमधली ओढ क्षेत्राच्या वर्गाप्रमाणे वाढते. पुढे ती वाकते. लोखंडाचा सुटा गोल कण ०.७ टेस्लाच्या आसपास पूर्ण चुंबकित होतो (२.१ चा तिसरा हिस्सा), त्यानंतर क्षेत्र वाढवून फारसं काही पदरात पडत नाही. बदलाचा आकार उंबरठ्यापासूनच्या अंतरावर ठरतो. भरपूर ग्रॅफाइट असलेल्या नमुन्यात तो काही टक्के, तर उंबरठ्याला टेकलेल्या नमुन्यात कित्येक पट असू शकतो. मात्र टेकलेला नमुना तितकाच चंचल असतो. सेन्सर बनवायचा असेल तर कमी बदल देणारा पण आकडे जुळवणारा घाणा आम्ही निवडू.

चढताना आणि उतरताना वेगवेगळे आकडे येतात, ते चूक समजू नका. रबर हळू परततं. ६० सेकंदांनंतरही वाचन सरकत असेल तर थांबण्याची वेळ वाढवा, पण सगळ्या पायऱ्यांना सारखीच वाढवा.

एक चाचणी फुकटात होते आणि तरी ती बहुतेक अहवालांत नसते. क्षेत्राची दिशा उलटी करा. चौकटीत ते जमत नसेल तर नमुना पालथा करा. कणांमधली ओढ दिशेवर अवलंबून नाही, त्यामुळे बदल दोन्ही वेळा सारखाच यायला हवा. चिन्ह पालटलं किंवा आकड्यात मोठा फरक पडला, तर तारांत किंवा जोडात काहीतरी शिरलं आहे.

आकडे का भरकटतात

उष्णता. विद्युतचुंबकाची गुंडाळी तापते आणि अर्ध्या तासात पोकळीतली हवा काही अंशांनी चढते. सिलिकॉन प्रत्येक अंशाला लांबीत दहा लाखात सुमारे ३०० भाग प्रसरण पावतं, लोखंड १२. फटी रुंदावतात, रोध चढतो. क्षेत्र वाढवत नेताना हा चढ खऱ्या उताराला खाऊन टाकतो. नमुन्याशेजारी थर्मिस्टर ठेवा. के प्रकारचं थर्मोकपल नको, त्यातली अल्युमेलची तार चुंबकीय असते.

दमट हवा. पावसाळ्यात मुंबईत किंवा रत्नागिरीत नमुन्याच्या कडेवरून ओलाव्याची वाट तयार होते. दहा मेगाओहमच्या पुढचे आकडे मग दिवसागणिक वेगळे. कडा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, रात्रभर सिलिका जेलच्या डब्यात ठेवा आणि मोजणीही त्याच डब्यात होईल अशी सोय बघा. हाताचा घामही तेवढाच वाईट, म्हणून नमुना चिमट्याने उचला. चिमटा प्लास्टिकचा.

रोध मोजताच येत नाही: ग्रॅफाइट कमी, किंवा जाळीच्या छिद्रांत नुसतं सिलिकॉन शिरलं. नमुन्याचा मधला तुकडा कापून त्याच्या कापलेल्या बाजूंना चांदीची पेस्ट लावून मोजा. तिथे रोध आला तर दोष जाळीचा. रोध काही किलोओहमच आला आणि क्षेत्राने हलत नाही: ग्रॅफाइट जास्त, दोन टक्के खाली या.

रोधाऐवजी धारिता

ग्रॅफाइट नकोच असेल तर नुसत्या लोहपुडीचा नमुना बनवून त्याची धारिता मोजा. १० मिलीला लोखंड २३.६ ग्रॅम (३० टक्के) आणि सिलिकॉन ७.५ ग्रॅम. सिलिकॉनचा परावैद्युत स्थिरांक २.७ च्या आसपास. ३० टक्के लोखंडाने तो हिशेबाने ६.२ पर्यंत जातो, साखळ्या क्षेत्राच्या दिशेने असल्या की त्याहूनही वर. ४० × ४० × २ मिमीच्या नमुन्याची धारिता मग सुमारे ४४ पिकोफॅरड भरते. २० × २० चा तुकडा घेतलात तर ११ च, आणि तेवढी धारिता तर नुसत्या तारांतच असते. म्हणून मोठा नमुना घ्या. एलसीआर मीटर १०० किलोहर्ट्झवर लावा, तारा अंतिम जागी ठेवून ‘ओपन’ दुरुस्ती (नमुना न जोडता तारांची स्वतःची धारिता वजा करणं) करा आणि त्यानंतर तारांना हात लावू नका. केबल एक सेंटिमीटर सरकली तरी मोजायच्या बदलाएवढा फरक पडू शकतो.

या पद्धतीत दमटपणाचा त्रास कमी, ताणाचा तसाच. क्षेत्राने नमुना पातळ झाला तर धारिता वाढते, लांबला तर घटते, आणि कणांच्या फटी कमी झाल्या तरी वाढते. दोन्ही कारणं वेगळी करायची तर जाडी क्षेत्रातच मोजावी लागते. मायक्रोमीटर लोखंडाचा असल्याने तो चालत नाही. पोकळीच्या बाजूने मोबाइलच्या मॅक्रो लेन्सने फोटो काढा, शेजारी प्लास्टिकची पट्टी ठेवून. २ मिमी जाडीतला एक टक्का म्हणजे ०.०२ मिमी. तो फोटोत ओळखायला एका मिलिमीटरला निदान १०० पिक्सेल हवेत, एवढ्या जवळून घ्या.

प्रत्येक नमुन्याच्या पाकिटावर घाण्याची तारीख, ग्रॅफाइटचं प्रमाण, सेट करतानाचं क्षेत्र आणि त्याची दिशा दाखवणारा बाण, आणि आतापर्यंत किती चक्रं झाली ते लिहून ठेवा. बाण विसरलात तर साखळ्या कोणत्या दिशेला आहेत हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. एक कोपरा कापून कडा भिंगाखाली बघावी लागते.